दुकान ते गोदाम: भाड्याची लाइन की हवेतली तार?

मालेगावात जुम्म्याला यंत्रमाग बंद असतात. एरवी दिवसरात्र चालणारी खटखट त्या दिवशी थांबते आणि गच्चीवर उभं राहून बोललेलं नीट ऐकू येतं. अशाच एका शुक्रवारी आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घराच्या गच्चीवर उभे होतो. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. वडील सुताचे व्यापारी. पेढी मोसम नदीच्या या बाजूला, गोदाम नदीच्या त्या बाजूला. मधलं अंतर सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर.

अडचण तशी साधी होती. टॅलीचा सगळा हिशोब पेढीवरच्या कॉम्प्युटरवर आणि माल गोदामात. ट्रक भरून उभा, पण स्टॉकची नोंद पेढीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून बिल निघत नाही. बिल नाही तर ई-वे बिल नाही आणि ई-वे बिलाशिवाय ट्रक हलवायचा नाही. ड्रायव्हर चहावर चहा पितोय आणि अब्बू फोनवर ओरडतायत. यासाठी त्यांनी एका कंपनीकडून दोन्ही जागांमध्ये लीज लाइन घेतली होती. करार संपत आला होता आणि पुढच्या तीन वर्षांसाठी सही मागायला माणूस दोनदा येऊन गेला होता.

मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही अब्बूंना समजावून सांगा. हे काम हवेतून होतं. माझं ऐकत नाहीत, म्हणतात हवेत कुठं तार असते का?"

आम्ही विज्ञान शिकवतो, नेटवर्कचा धंदा करत नाही. पण समजावणं हेच आमचं काम आहे. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं आणि नंतर वर्षभरात आम्ही स्वतः जे शिकलो, ते इथे मांडतो. आपल्या घराघरात असे व्यवसाय आहेत. कुणाचं दुकान आणि कारखाना वेगळा, कुणाचा दवाखाना रस्त्याच्या एका बाजूला आणि लॅब दुसऱ्या, कुठल्या ट्रस्टच्या शाळेच्या दोन इमारती.

आधी लीज लाइन म्हणजे काय ते बघू. लीज म्हणजे भाडेपट्टा. टेलिफोन कंपनी दोन ठिकाणांमधली एक वाट चोवीस तास फक्त तुमच्यासाठी राखून ठेवते. ब्रॉडबँड म्हणजे सगळ्यांचा रस्ता, संध्याकाळी गर्दी होणारच. लीज लाइन म्हणजे तुमची खाजगी गल्ली. त्या गल्लीतून तुम्ही गेलात काय, न गेलात काय, भाडं सुरूच. पूर्वी ६४ केबीपीएस, मग २ एमबीपीएस अशा मापात ही लाइन मिळायची आणि अंतर वाढलं की दर वाढायचा. ट्रायने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये देशांतर्गत लीज लाइनच्या कमाल दरांना कात्री लावली. तरी छोट्या व्यापाऱ्याला ते भाडं जडच जातं.

आणि २ एमबीपीएस म्हणजे किती? हे गणित आम्ही नववीच्या मुलांना करायला देतो. इथला 'बी' बिटचा आहे, बाइटचा नाही आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीची फाइल ८०० मेगाबिट झाली. दोनने भागा: ४०० सेकंद, पावणेसात मिनिटांच्या आसपास. त्यात गोदामाचे कॅमेरे पेढीवरून बघायचे म्हटलं, तर एकच चांगला सीसीटीव्ही कॅमेरा २ ते ४ एमबीपीएस खातो. म्हणजे सगळी लाइन एका कॅमेऱ्याच्या पोटात!

आता हवेतली तार. दोन इमारतींच्या गच्चीवर दोन छोट्या डिश बसवायच्या, एकमेकींकडे तोंड करून. प्रत्येक डिशमध्ये एक रेडिओ. गच्चीवरून एक नेटवर्क केबल खाली येते, तिच्यातूनच रेडिओला वीजही मिळते. दोन्हीकडच्या केबल आपापल्या स्विचला जोडल्या की दोन्ही इमारती एकाच नेटवर्कमध्ये आल्या. गोदामातल्या कॉम्प्युटरला वाटतं, पेढीवरचा कॉम्प्युटर शेजारच्याच खोलीत आहे.

चाचांनी (विद्यार्थिनीच्या वडिलांना आम्ही चाचाच म्हणतो) लगेच विचारलं, "आमच्या घरातलं वायफाय दोन भिंतींच्या पलीकडे जात नाही, हे नदी कसं ओलांडणार?" प्रश्न बरोबर आहे. घरातलं वायफाय म्हणजे बल्ब, चारी दिशांना प्रकाश सांडतो. डिश म्हणजे बॅटरीचा झोत. ताकद तेवढीच, पण सगळी एका दिशेला. म्हणून दूर जातो. अट एकच, मध्ये आडवं काही नको.

ही अट दिसते तेवढी सोपी नाही. इथेच बहुतेकांचं काम फसतं. आपल्याला वाटतं, या गच्चीवरून ती गच्ची दिसली की झालं. पण रेडिओ लहरी दोऱ्यासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांना दोन टोकांच्या मध्ये एक फुगीर जागा लागते. आकार खजुराच्या बीसारखा धरा, टोकांना निमुळता, मध्ये जाड. या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी आणि १.२ किलोमीटर अंतर असेल तर बरोबर मधोमध या बीची त्रिज्या जवळपास ४ मीटर होते. त्यातला मधला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे दृष्टीच्या रेषेच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना सुमारे अडीच मीटर.

आमच्या इथे झालं असं की गच्चीवरून गोदाम अगदी स्वच्छ दिसत होतं, पण रेषेला लागूनच एका साइजिंगची चिमणी उभी होती. डोळ्यांना ती बाजूला वाटत होती, लहरींना ती रस्त्यातच होती. पहिल्या दिवशी लिंक जुळली, पण सिग्नल ‑७८ डीबीएम. इथे एक गंमत लक्षात ठेवा: हा आकडा उणे असतो, म्हणून ‑५५ हा ‑७८ पेक्षा चांगला. (थर्मामीटरसारखं समजा, शून्याच्या जितकं जवळ तितकी ऊब जास्त.) तिने खांब गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला आणि दहा फूट उंच केला. सिग्नल ‑५८ वर आला. चिमणी जिथल्या तिथेच होती. आम्ही फक्त बाजूला सरकलो.

झाडांचंही असंच. उन्हाळ्यात लिंक लावली आणि पावसाळ्यात मधल्या झाडाला पालवी फुटली की सिग्नल पडतो. पानांत पाणी असतं आणि ओली पानं लहरी शोषतात. म्हणून रेषेच्या वाटेत झाड असेल तर पाच वर्षांनी ते किती उंच होईल, याचाही अंदाज घ्यायचा.

चाचांचा दुसरा प्रश्न कायद्याचा होता. "वायरलेस म्हणजे पोलिसांचं काम. परवाना लागत नाही?" भारतात रेडिओ लहरींवर सरकारचं नियंत्रण आहे, हे खरं. पण काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केलेले आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून खुला आहे. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला आणि इमारती जोडण्याचं हे काम आपल्याकडे मुख्यतः तिथेच चालतं. नियमात दिलेल्या ताकदीच्या मर्यादेत राहायचं आणि उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता, म्हणजे ईटीए, आहे की नाही ते बिल करण्याआधी दुकानदाराला विचारायचं. परदेशातून कुणी नातेवाइकाने बॅगेत घालून आणलेला रेडिओ लावू नका. तिथल्या पट्ट्यांचे नियम वेगळे असतात.

उदाहरणार्थ ६० गिगाहर्ट्झ. अमेरिकेत या पट्ट्यावर विनापरवाना लिंक सर्रास लावतात, वेगही प्रचंड मिळतो. आपल्या २०१८ च्या यादीत तो नाही. शिवाय या लहरींना हवेतला ऑक्सिजनच गिळतो, किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल. मुसळधार पाऊस आला की आणखी घट. ५ गिगाहर्ट्झला पावसाचा एवढा त्रास होत नाही.

या ६० गिगाहर्ट्झची एक गोष्ट मुलांना सांगायला आम्हाला फार आवडते. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींच्या आरपार विनातार लहरी पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. ते काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते, अगदी पाच मिलिमीटरपर्यंत. पाच मिलिमीटर म्हणजेच ६० गिगाहर्ट्झ. जगाने हा पट्टा धंद्यासाठी वापरायला घेतला तो जवळपास शंभर वर्षांनी.

असो. वेगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डब्यावरचे आकडे फसवे असतात. डब्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असलं तर हातात साधारण निम्मं पडतं, कारण बहुतेक स्वस्त रेडिओ एका वेळी एक तर बोलतात किंवा ऐकतात. गावात प्रत्येक घरात वायफाय असल्यामुळे गोंगाटही असतो. म्हणून आधी कुठला चॅनल मोकळा आहे ते स्कॅन करून बघायचं आणि रुंद चॅनलचा मोह टाळायचा. ८० मेगाहर्ट्झऐवजी २० किंवा ४० घेतला तर वेग कमी, पण लिंक टिकाऊ. पेढीवर आज १०० एमबीपीएसच्या आसपास मिळतात. जुन्या २ एमबीपीएसच्या तुलनेत किती पट, ते तुम्हीच बघा.

खर्च? दोन रेडिओ, खांब, केबल, अर्थिंग आणि मजुरी धरून जे बिल झालं, ते त्यांच्या लीज लाइनच्या काही महिन्यांच्या भाड्यात वसूल झालं. त्यानंतर भाडं नाही, फक्त वीज आणि देखभाल. पण एक गैरसमज काढून टाकू. ही लिंक इंटरनेट देत नाही. ती दोन इमारती जोडते, बस्स. इंटरनेट एका टोकाला घ्यावंच लागतं, मग दोन्हीकडे वापरता येतं.

आता दुसरी बाजू, जी विकणारा सांगत नाही. पहिल्याच पावसाळ्यात लिंक दोनदा बंद पडली. एकदा केबलच्या जोडात पाणी शिरलं. लावणाऱ्या माणसाने घरातली साधी केबल गच्चीवर टाकली होती आणि ती भिंतीत शिरण्याआधी खाली झोळही दिला नव्हता. झोळ दिला की पाणी तिथून ठिबकून जातं, आत येत नाही. दुसऱ्यांदा जवळच वीज कडाडली आणि रेडिओ व स्विच दोन्ही गेले. खांबाला अर्थिंग होतं म्हणे. उकरून बघितलं तर तार जमिनीत फूटभरच गेलेली होती. दीड दिवस गोदाम तुटलेलं राहिलं. चाचा काही बोलले नाहीत, पण मुलीचं तोंड उतरलं होतं. घरात सगळ्यांसमोर तिने हट्ट धरून हे करायला लावलं होतं ना.

नंतरचं काम तिने स्वतः उभं राहून करून घेतलं: बाहेरच्या वापराची जाड आवरणाची केबल, दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर, नीट खड्डा खणून अर्थिंग, लाइट गेली तरी चालावं म्हणून दोन्हीकडे छोटा यूपीएस. एक जोडी रेडिओ कपाटात सुटा ठेवला. आणि गोदामात एक साधं ब्रॉडबँड घेतलं, लिंक पडलीच तर व्हीपीएनवरून काम चालू राहावं म्हणून. मकर संक्रांतीच्या दिवसांत खांबावर पतंगाचा मांजा अडकतो, तो काढायचं काम धाकट्या भावाकडे.

लीज लाइनवाला भाडं घेतो, पण त्या बदल्यात हमीही देतो. करारात ९९.५ टक्के लिहिलेलं असेल तर वर्षाच्या ८७६० तासांपैकी जवळपास ४४ तासच बंद पडायची मुभा, त्याहून जास्त झालं तर पैसे कापता येतात. फोन करायला एक नंबर असतो. हवेतल्या तारेला असा मालक नसतो, तुम्हीच मालक. म्हणून बँक, मोठा दवाखाना, किंवा जिथे तासभर बंद पडलं तर कुणाच्या जिवावर बेतेल, तिथे आम्ही लीज लाइन किंवा फायबर काढून टाका असं म्हणणार नाही. लिंक जोडीला ठेवा. दोन गावांमध्ये डोंगर आडवा असेल तर तर प्रश्नच नाही. आणि दोन्ही जागी चांगलं फायबर ब्रॉडबँड स्वस्तात मिळत असेल आणि कामही हलकं असेल, तर नुसतं व्हीपीएन पुरतं, डिशची गरजच नाही.

पासवर्डचं मात्र ऐका. हवेतली तार कुणीही 'ऐकू' शकतो. रेडिओ बसवल्यावर कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे गोदामाला कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणं. डब्ल्यूपीए-२ एन्क्रिप्शन चालू करा आणि पासवर्ड लावणाऱ्या माणसाकडे नाही, तुमच्याकडे लिहून ठेवा.

तसंच काही तरुणांच्या डोक्यात येतं की आपल्याकडे डिश आहे, तर शेजारच्या दहा दुकानांना इंटरनेट देऊ आणि महिना पैसे घेऊ. स्वतःच्या दोन इमारती जोडणं वेगळं आणि इंटरनेट विकणं वेगळं. विकायला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. त्याशिवाय केलं तर तो गुन्हा आहे.

चाचांनी तीन वर्षांच्या करारावर सही केली नाही. मुलीला आता शहरातून फोन येतात. मागच्या महिन्यात एका दवाखान्याच्या दोन इमारतींचं काम तिला मिळालं. जाण्याआधी तिने आम्हाला विचारलं, "सर, मध्ये एक पिंपळ आहे, किती वाढेल?" आम्ही म्हटलं, पिंपळाचा भरवसा नाही, खांब दुसऱ्या बाजूला लाव.