नवशिक्याचा अर्धवट प्रश्न

संगणकाविषयी ऑनलाइन मदत मागणाऱ्या नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा अर्धवट असतो. ‘प्रोग्रॅम चालत नाही, काय करू?’ एवढेच तो लिहितो. कोणती आवृत्ती, पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, याचा पत्ता नसतो. जाणकारांना हा आळस वाटतो. पण उत्तरासाठी कोणती माहिती लागते हे कळणे हाही त्या विषयाच्या ज्ञानाचाच भाग आहे, आणि नवशिक्याकडे नेमका तोच नसतो.

जाणकारांची तक्रार अगदीच खोटी नाही. ते फावल्या वेळात, फुकट उत्तरे देतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की वैतागतात. प्रश्न शहाणपणाने कसा विचारावा यावर एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये लिहिलेला लेख म्हणूनच नवशिक्यांच्या तोंडावर सर्रास फेकला जातो. उत्तर देणाऱ्यांनी सौम्य राहावे, पहिल्यांदा चुकणाऱ्याला चारचौघांत न झापता खासगीत सांगावे, असेही त्याच लेखात आहे. तो भाग मात्र फेकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो या जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाने आपल्याकडे नवख्यांचे स्वागत नीट होत नाही, अशी जाहीर कबुली २०१८ मध्ये दिली. त्यानंतर तिथे आचारसंहिता आली आणि नव्या सदस्याच्या प्रश्नापाशी, जरा सांभाळून घ्या, अशा अर्थाची खूण दिसू लागली.

मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आयआयटीत, याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तिथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा मिनिटांच्या या ध्वनिचित्रफिती आहेत. पडद्याच्या एका भागात फीत लावायची, दुसऱ्या भागात तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि पाहत पाहत स्वतः करायचे, अशी रीत. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. पडद्यावरचे इंग्रजी मेनू मात्र तसेच ठेवले आहेत, कारण पुढे काम त्यांच्यावरच करायचे असते.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती संहिता तपासण्याची पद्धत. ध्वनिमुद्रणापूर्वी विषयतज्ज्ञ संहिता तपासतोच, शिवाय ती विषय न जाणणाऱ्या माणसाकडेही जाते. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त होते. नवशिक्याला न समजणे हा इथे नवशिक्याचा दोष धरलाच जात नाही. शंका विचारण्याची सोयही तशीच: कोणत्या धड्यात, कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला अडले, हे विचारणारा निवडतो. अर्धवट प्रश्नातली मोठी उणीव तिथेच भरून निघते आणि कुणाला ओरडावे लागत नाही.

अशी यंत्रणा नसेल तिथे हे काम उत्तर देणाऱ्याला करावे लागते. ‘गूगल करा’ हे उत्तर तर निरुपयोगीच. पुढे कुणी तीच अडचण गूगलवर शोधली, की अनेकदा हेच उत्तर समोर येते. त्यापेक्षा आवृत्ती विचारावी आणि पडद्याचा फोटो न मागता संदेशाचा मजकूर मागावा, म्हणजे तो शोधता येतो. दुवा द्यायचा तर त्यातला कोणता परिच्छेद वाचायचा तेही सांगावे. आज्ञा दिली तर ती काय करते हे लिहावे. गंमत म्हणून फाइली पुसणारी आज्ञा सुचवणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. पलीकडे बोरिवलीचा नववीतला मुलगा आहे की मुलुंडच्या निवृत्त शिक्षिका, हे कळत नसल्याने ‘तुम्ही’ म्हणणे बरे.

सौजन्य म्हणजे दुसऱ्याचा गृहपाठ करून देणे नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी अख्खी असाइनमेंट चिकटवली, तर आतापर्यंत काय करून पाहिले ते विचारावे, पहिली पायरी दाखवावी आणि पुढचा कोड त्यालाच लिहू द्यावा.