वसई : तटाच्या आतले शहर

वसई म्हटले की पुणेकराला चिमाजीअप्पा आठवतात, मे 1739 मधला विजय आठवतो. ते स्वाभाविकच आहे. पण पराक्रमाच्या या कथेत वसई हा नेहमी 'किल्ला' असतो. रायगड-सिंहगडाच्या सवयीने पाहणाऱ्याला तिथे निराश व्हायला होते. ना डोंगर, ना बालेकिल्ल्याची चढण. कारण वसई हा आपल्या अर्थाचा किल्ला नव्हेच. ते तट घातलेले बंदराचे शहर होते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोन वर्षांत त्यांनी खाडीकाठी छोटी गढी बांधली. तिच्याभोवती वस्ती वाढली आणि वस्तीभोवती पुढे मोठा तट आला : ओबडधोबड दशकोनी, कोपऱ्या-कोपऱ्यांवर संतांच्या नावांचे बुरूज. पुढे हीच वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. मुंबई तेव्हा या प्रांतातले एक दुय्यम बेट होते.

शहराची मांडणी दोन दरवाजांवरून उलगडते. दर्या दरवाजा खाडीकडे उघडतो; गलबतांचा माल तिथून आत येई. भुईदरवाजातून जमिनीकडची वाट शहरात शिरे. या दोहोंच्या मधोमध जुनी गढी, अधिकाऱ्यांचे वाडे, इस्पितळ आणि चर्च. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन असे प्रत्येक पंथाचे स्वतंत्र मठ होते. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही दुरून दिसतो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. 1597 मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेले आणि 1862 मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

या शहराचे बळ आणि दुबळेपण दोन्ही नकाशातच होते. बहुतेक बाजूंना खाडी आणि दलदल. धडपणे चालून जाता येई ते फक्त उत्तरेच्या अंगाने. पण शहर जगत होते ते तटाबाहेरच्या गावांवर, तिथल्या भातावर आणि साऱ्यावर. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली तेव्हाच वसईचा घास तुटला होता. पुढे उत्तरेच्या बुरुजांखाली सुरुंग पेटले आणि भगदाडे पडली. दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने पडली. तह झाला तेव्हा पोर्तुगीजांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिले गेले. विजयाच्या कथेइतकीच ही गोष्टही सांगायला हवी.

चर्चच्या घंटा मात्र घाट चढून आल्या. भीमाशंकरला, मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहता येतात. मराठ्यांनी तटाच्या आत नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळे उभी केली. पण व्यापारी शहर पुन्हा तिथे वसले नाही. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. साठ-पासष्ट वर्षांत पेशवाईच्या कीर्तीचे ठिकाण तिच्या परावलंबनाचे ठिकाण झाले.

आज वसईचा तट बराचसा उभा आहे. धोका आहे तो आतल्या शहराला. वडा-पिंपळाच्या मुळ्या भिंती फोडतात, चुना सुटतो, शिळांवरची अक्षरे पावसापायाखाली झिजतात. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, पण नुसत्या फलकाने गल्ल्या टिकत नाहीत. चिमाजीअप्पांना वंदन करून परतणाऱ्याने तासभर दर्या दरवाजापासून भुईदरवाजापर्यंत चालून पाहावे. अप्पांनी काय जिंकले, हे तेव्हाच नीट कळते.