एमा आपल्या घरातही आहे

चळवळीतल्या माणसाने प्रेमकथा वाचण्यात वेळ घालवावा काय, असे एका सहकाऱ्याने आम्हाला विचारले. आमच्या हातात जेन ऑस्टिनची 'एमा' होती. डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेली ही हलकीफुलकी इंग्रजी कादंबरी. आम्ही म्हणालो, जरूर वाचावी. पण वाचताना आपले घर डोळ्यांसमोर ठेवावे.

आपल्याखेरीज ही नायिका कोणाला फारशी आवडणार नाही, असे खुद्द लेखिका म्हणाली होती, अशी नोंद तिच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. ते खरेच आहे. गावातल्या बड्या घरची ही एमा दुसऱ्यांची लग्ने जुळवत फिरते. हॅरिएट या सतरा वर्षांच्या मुलीच्या आईबापांचा पत्ता नाही. रॉबर्ट मार्टिन हा कष्टाळू, प्रामाणिक कूळ-शेतकरी तिला मागणी घालतो. तिलाही तो आवडतो. पण एमा तिला नकार द्यायला लावते. त्या शेतकऱ्याची बायको झाली असतीस तर माझे तुझ्याकडे येणेजाणे बंद झाले असते, असेही वर ऐकवते!

पुढे ती हॅरिएटसाठी एल्टन हा पाद्री निवडते. एल्टनला हॅरिएट हलकी वाटते. त्याचा डोळा एमावरच असतो. आता अपमान एमाला वाटतो, कारण एल्टन तिच्या तोलाचा नाही. प्रत्येकाची नजर खालच्याला तुच्छ लेखणारी. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध असमानता याहून वेगळी ती काय?

अर्थात इंग्लंडातला वर्ग म्हणजे आपली जात नव्हे. त्याच कादंबरीत व्यापारात पैसा कमावलेले कोल कुटुंब वर चढते आणि नाके मुरडणारी एमा अखेर त्यांच्याकडे जेवायला जाते. जातीत ती सोय नाही. जातीचा प्राण स्वजातीतल्या विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले.

आणि आपण? काही वर्षांपूर्वी एक बौद्ध दांपत्य आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. मुलीने मातंग समाजातला मुलगा निवडला होता. लग्न थांबवता येईल का? दोघेही कायद्याने सज्ञान, विवाहयोग्य वयाचे. आईबापांची नापसंती हा विशेष विवाह कायदा, १९५४ खाली हरकतीचा मुद्दाच होत नाही, हे आम्ही सांगितले. इथवर ठीक. पण जाताना मुलीला आम्हीच म्हणालो, "बाळा, जरा विचार कर." ते आईबाप दुष्ट नव्हते. आम्हीही नव्हतो. मुलीचे भलेच चिंतीत होतो. एमाही हॅरिएटचे भलेच चिंतीत होती!

म्हणून ही नावडती नायिका मोलाची. विषमता केवळ दुष्टांच्या हातून चालत नाही. ती हसऱ्या, शिकलेल्या, मायाळू माणसांच्या हातून चालते. बॉक्स हिलच्या सहलीत एमा गरीब, प्रौढ मिस बेट्सची सर्वांदेखत थट्टा करते. नाइटली तिला खडसावतो. ती रडते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी जाते. मात्र शेवटी हॅरिएट मार्टिनशीच लग्न करते आणि दोघींची मैत्रीही विरळ होत जाते. उतरंड जागची हलत नाही.

आपल्याला एवढ्यावर थांबून चालणार नाही. वधू-वर मेळाव्यात पोटजात, पगार आणि 'वस्तीतले स्थळ नको' अशा अटी घालणाऱ्यांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा उघडावे. आंतरजातीय विवाह हा जातिअंताचा खरा उपाय, असे १९३६ मध्ये त्यात छापले गेले आहे. भाषणात ते आम्ही अनेकदा सांगितले. त्या मुलीला मात्र सांगायचे राहून गेले.