तिशी-चाळिशीत पुन्हा सायकल घेताना

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात तपासणी झाली की डॉक्टर बहुतेकांना एकच सांगतात, "व्यायाम करा." खरा प्रश्न तिथून सुरू होतो. जिमची फी दर महिन्याला परवडत नाही. उत्तर नागपुरातल्या दाट गल्ल्यांमध्ये फिरायला मोकळी जागा नाही. गुडघे कुरकुरत असतील तर धावणे नकोच. अशा वेळी सायकल चांगली. शरीराचे बरेचसे वजन सीटवर राहते, गुडघ्यांना हादरे बसत नाहीत आणि त्याच फेरीत दूध-भाजीही आणता येते.

तरी लोक कचरतात, आणि त्याचे कारण फक्त पैसा नाही. आमच्या आजोबांची पिढी सायकल दामटत एम्प्रेस मिलच्या पाळीला जायची. १८७७ साली सुरू झालेली ती मिल पुढे बंद पडली. नंतर घरात पहिली मोटरसायकल आली आणि आजोबांची सायकल भंगारात गेली. सायकल म्हणजे गरिबी, हे मनात तेव्हा जे बसले ते अजून निघालेले नाही. नोकरीवाला माणूस सायकलवर दिसला की शेजारी हमखास विचारतो, "गाडी विकली का बाबू?"

या लाजेपोटीच दुकानात चुकीची सायकल पसंत पडते. आम्हीही ती चूक केली. केंद्रातल्या तिघांनी मिळून सायकली घ्यायचे ठरवले, तेव्हा दोघांनी मोटरसायकलसारखी दिसणारी निवडली. जाड खडबडीत टायर, पुढे-मागे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. किंमत नऊ हजारांच्या आसपास. पण स्वस्तातले शॉक अ‍ॅब्सॉर्बर सायकलचे वजन वाढवतात, आणि मागचा तर प्रत्येक पायडलला दबून आपलीच ताकद खातो. जाड टायर डांबरी रस्त्यावर घरघरतो, माणूस लवकर दमतो आणि दोष स्वतःच्या वयाला देतो. त्या दोन्ही सायकली तीन महिन्यांत जिन्याखाली गेल्या. तिसऱ्या सहकारी ताईंनी साधी, बिनगिअरची लेडीज सायकल घेतली होती. ती अजून रोज रस्त्यावर असते.

म्हणून आधी फ्रेमचे माप बघा. दांडी असलेली सायकल असेल तर तिच्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहा. दांडी आणि आपल्यामध्ये एक-दोन इंच जागा उरली पाहिजे. गुडघेदुखी असेल किंवा साडी, कुर्ता घालून चालवायची असेल तर बिनदांडीची फ्रेम घ्या. पुरुषांनीही घ्यायला हरकत नाही. नंतर सीट. आपल्याकडे सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले की उंची बरोबर, असे समजतात. इतक्या खाली बसून चालवले की गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि आठवडाभरात दुखू लागतो. सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. मग चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. थांबताना उतरावे लागते, पण त्याची चार दिवसांत सवय होते.

नागपूर सपाट आहे, इथे गिअर नसले तरी काही अडत नाही. कमी सुटे भाग म्हणजे कमी बिघाड, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही दुरुस्त करू शकतो. साताऱ्याला किंवा पुण्यात चढाच्या भागात राहणाऱ्यांना मात्र गिअर लागतील. त्यांनी पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडून ते पैसे बऱ्या गिअरवर घालावेत. हीरो, एव्हॉन, हर्क्युलिस, बीएसए यांच्या साध्या सायकली साधारण पाच ते आठ हजारांत बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा पक्के बिल घ्या आणि दर तपासा. कुलूप, पंप आणि मागचा लाल दिवा यांचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. हेल्मेटचेही धरा.

जुनी सायकल दोन-तीन हजारांत मिळते, पण घाई नको. चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकच्या रबरापाशी डावी-उजवीकडे हलत असेल तर चाकाला आउट आहे. थोडा आउट मिस्त्री काढून देतो, रिम वाकलेली असेल तर नवी लागेल. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा, खडखड झाली तर आतले छर्रे गेले. फ्रेमच्या जोडांवर तडा किंवा नवे वेल्डिंग दिसले तर तिथूनच परत फिरा. गंजलेली चेन आणि झिजलेले टायर बदलता येतात, त्यांचा खर्च धरून भाव करा. फ्रेमवर कोरलेला नंबर खरवडलेला असेल तर ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. पहिल्या आठवड्यात मात्र पंधरा मिनिटे पुरेत. चालवताना बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला तर वेग कमी करा. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेपाचलाच निघा, आठनंतर नागपूरचे ऊन कोणाची गय करत नाही.

दर आठवड्याला हवा तपासा. टायर नरम असला की चांगली सायकलही जड जाते. नव्या सायकलच्या ब्रेकच्या तारा आणि स्पोक पहिल्या महिन्यात थोडे ढिले होतात, तेव्हा एकदा दुकानात नेऊन कसून घ्या. बरेच दुकानदार ही पहिली सर्व्हिस फुकट करून देतात. बिल फाडतानाच विचारून ठेवा.