ओहोळाचं आडनाव

जरा पुढं सरका, कंदिलाची वात मोठी करतो. आज आडनावाची गोष्ट आहे, पण सुरू होते ती ओहोळापासून. विलायतेत उत्तरेला यॉर्कशर म्हणून मुलूख आहे, मेंढरांचा, लोकरीचा, सदा ओलेता. तिथं माळावरून बारीक ओहोळ वाहतात, एका उडीत पलीकडं जाल एवढेच, त्यांना जुनी माणसं 'साइक' म्हणत. आणि पुष्कळदा शेताची हद्दही त्या ओहोळानंच धरलेली, त्यामुळं बांध कोरणाऱ्या भाऊबंदांची तिथं जरा गैरसोयच.

सात-आठशे वर्षांमागं तिथं घरटी जॉन नाहीतर विल्यम. आमच्या आळीत तीन शिरपा होते, एक विहिरीवरचा, एक चिंचेखालचा आणि तिसरा... त्याचं नाव कशावरून पडलं ते तुम्ही मोठे झालात की सांगीन. तसाच ओहोळाकाठचा जॉन झाला साइक्स, आणि पुढं पोरांनी घर हलवलं तरी नाव काही सुटेना. आपल्याकडंही ओहोळ आडनाव आहेच की.

आता ओहोळ काय एकच असतो? म्हणून शहाण्यांचा हिशेब असा, की ओहोळ शंभर तर साइक्सचे मूळपुरुषही शंभर. पण ऑक्सफर्डला ब्रायन साइक्स नावाचेच एक प्राध्यापक होते, आणि औषधांच्या एका बड्या कंपनीचे प्रमुख होते सर रिचर्ड साइक्स. तुमचं काही नातं का हो, असं लोकांनी विचारलं, तेव्हा प्राध्यापकांनी नुसतं नाही म्हणून सोडून द्यायचं की नाही? पण खोड शास्त्रज्ञाची. दोघांचं वाय गुणसूत्र ताडून पाहिलं, तर ते जुळलं!

हे वाय म्हणजे बापाकडून लेकाला, लेकाकडून नातवाला उतरणारी दोरी. लेकीकडं ती जात नाही, आणि तिकडचं आडनावही बापाचंच चालायचं, म्हणजे एकाच चाकोरीतून दोन गाड्या. मग प्राध्यापकांनी यॉर्कशर, लँकेशर, चेशरमधल्या साइक्सांना पत्रं धाडली, सोबत गालाच्या आतून फिरवायचा इवलासा ब्रश. 48 जणांचे नमुने तपासले, तर 21 जणांत अगदी एकच खूण. आणि शेजारपाजारच्या दुसऱ्या आडनावांत मात्र ती कुठंच नाही. म्हणजे एवढ्या साऱ्यांचा मूळपुरुष एकच असणार, कुठल्या तरी एकाच ओहोळाकाठचा! 2000 साली हे छापून आलं.

मग उरलेल्यांचं काय, असं विचारताय ना? काहींची खूण तीच, फक्त दोरीची नक्कल होताना एखादी गाठ इकडची तिकडं झालेली. बाकीच्यांत कुणी दत्तक, कुणी आईचं आडनाव लावलेला, आणि काही घरांत, म्हणजे... नाव एकाचं, दोरी दुसऱ्याची. प्राध्यापकांनी त्याचाही हिशेब मांडला: दर पिढीला शंभरात सरासरी 1.3. तुमची आजी आतून ऐकत होती, म्हणाली, सातशे वर्षांत एवढंच? यॉर्कशरच्या बायका भल्याच म्हणायच्या!