संग्रहालयातील मुक्काम आणि कोकणातील रात्र

संग्रहालयाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाल्यानंतर मुलांना किंवा प्रौढांना दालनांतच अंथरूण टाकून सकाळपर्यंत राहू देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुळली आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये ९४ फूट लांबीच्या निळ्या देवमाशाच्या प्रतिकृतीखाली मुले झोपली आहेत, ब्रिटिश म्युझियमने आपल्या बालसभासदांना इजिप्तच्या शिल्पांच्या सोबतीने रात्र काढू दिली आहे, आणि लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने मुलांसाठी चालवलेल्या मुक्कामांच्या जोडीला केवळ प्रौढांसाठीही मुक्काम भरवले आहेत. २००६ मधील ‘नाइट ॲट द म्युझियम’ या चित्रपटाने या हौसेला आणखी खतपाणी घातले.

बंदिस्त दालनांतील मुक्कामाला मात्र वस्तूंच्या जतनाची बंधने असतात. जुनी वस्त्रे, कागद व जलरंगातील चित्रे यांच्यावर साधारणतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये असा संकेत आहे (लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप), तर सांडलेल्या अन्नामागोमाग झुरळे, उंदीर आणि कसर येत असल्याने जेवणाची व्यवस्था दालनांपासून दूर ठेवावी लागते.

गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’ या खुल्या संग्रहालयाचा विचार करताना या अडचणी बऱ्याच सौम्य होतात. खुले संग्रहालय म्हणजे वस्तू कपाटात न ठेवता घरे, अंगणे, अवजारे व माणसांचे व्यवहार मोकळ्या जागेत मांडणारे संग्रहालय. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे उभारलेले ‘स्कान्सेन’ हा त्याचा आद्य नमुना मानला जातो. गणपतीपुळ्यात सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे कोकणी ग्रामजीवन माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून दाखवले आहे, आणि त्यात गावाची ठरलेली कामे करून त्याबदल्यात पिकाचा वाटा घेणारे बलुतेदारही आहेत.

अशा जागी रात्रीचा मुक्काम योजायचा झाल्यास देवमाशाखालच्या रात्रीची नक्कल करण्यात फारसे हशील नाही, कारण कोकणाला दाखवण्याजोगी स्वतःची रात्र आहे आणि दिवसा येणाऱ्या पर्यटकाला नेमकी तीच दिसत नाही. दिवेलागणीनंतर उंडीच्या बियांच्या कडू तेलावर जळणारा दिवा, वाट दाखवणारी सुक्या झावळीची चूड, रात्रभर राखणीत ठेवावी लागणारी कुंभाराची भट्टी, भरती-ओहोटी पाहून अवेळी निघणारी होडी आणि पहाटे जात्यावर सुरू होणारे दळण या गोष्टी अंधारातच नीट समजतात. रत्नागिरी जिल्ह्यातले नमन-खेळे तर मुळातच रात्रीचे: मृदंगाच्या साथीने गणाला वंदन, मग गौळण, संकासुराची सोंगे आणि शेवटी वग, असा तो खेळ पहाटेपर्यंत रंगत असे. विजेच्या प्रखर दिव्याखाली अर्ध्या तासात उरकलेले नमन पाहून त्याची कल्पना येणे कठीणच. जेवणातही कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात असला, म्हणजे वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र खुली जागा बंद दालनापेक्षा अधिक कडक शिस्त मागते. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात फुरसे हा आखूड पण अत्यंत विषारी साप सर्रास आढळतो, तो मुख्यतः रात्री वावरतो आणि पालापाचोळ्यात किंवा दगडांच्या सांदीत सहज दिसत नाही. त्यामुळे बंद बूट, हातात विजेरी, जमिनीपासून उंच बिछाना आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयापर्यंत जाण्यासाठी तयार वाहन यांवाचून मुलांना तेथे झोपवणे हा बेजबाबदारपणा ठरेल. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोकादायक म्हणून ओळखला जातो, म्हणून रात्रीच्या कार्यक्रमात किनाऱ्यावरील फेरी नसावी हेच बरे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोसळणारा पाऊस उघड्यावरचा मुक्काम अशक्य करतो. तेव्हा असा उपक्रम हाती घेणाऱ्यांनी कार्तिक ते माघ हेच महिने निवडावेत आणि पहिला मुक्काम लहान मुलांऐवजी शिक्षक व पालकांचा ठेवावा.