हुकूम कोणाचा?

छंदासाठी उडविले जाणारे छोटे विमान जमिनीवरील चालकाच्या बिनतारी हुकुमांवर चालते. विमानातील रिसीव्हर हे हुकूम तेथल्याच संगणकाच्या सीरियल पोर्टाकडे धाडतो. फुताबाच्या ‘एस-बस’ पद्धतीत प्रत्येक संदेश २५ बाइटांचा. पहिला बाइट केवळ आरंभाची खूण. पुढील २२ बाइटांत १६ हुकुमांचे ११-११ बिटांचे आकडे मोडीतील शब्दांप्रमाणे सलग असतात. कोठे तोडावे हे कळले, तरच अर्थ लागतो.

परंतु खरी मेख २४व्या बाइटात आहे. संपर्क तुटला तरी रिसीव्हर बहुधा आकडे पाठवीतच राहतो; तुटल्याची कबुली या बाइटातील एका बिटात असते. ती न वाचणारा संगणक रिसीव्हरच्या पदरचे आकडे चालकाचा हुकूम मानतो, आणि विमान हातचे जाते. दप्तरातही मजकुराआधी सही पाहावी, ती याचसाठी.